अनुभव धागा: आपल्या लहान व्यवसायाची ऑनलाइन जाहिरात करताना खरे लिहिले, तेव्हा काय झाले?

आमराई
काल शेजारच्या काकूंकडे आलेली आंब्याची पेटी उघडायला मी गेले होते. पेंढा बाजूला केला तर आत एक छापील चिठ्ठी होती: ‘या पेटीतील एखाद्या फळात साका निघू शकतो. निघाल्यास फोटो पाठवावा, फळ बदलून देऊ.’ साका म्हणजे बाहेरून न कळणारा, कोयीजवळचा बिघडलेला गर. तो बागायतदार आमच्या ओळखीचा नाही, पण ते वाक्य वाचले आणि मला एप्रिल २०२० आठवला.

टाळेबंदीमुळे वाशीच्या बाजारात माल पोहोचेल की नाही याचा भरवसा उरला नव्हता, आणि रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या बागेत फळ उतरवायला आले होते. मी पुण्यात होते. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकण्यासाठी मी दुसऱ्या कुणाच्या तरी जाहिरातीतला मजकूर जसाच्या तसा उचलला: ‘अस्सल देवगड हापूस, शंभर टक्के सेंद्रिय, एकही फळ खराब निघणार नाही याची हमी.’ दोन दिवसांत चाळीस पेट्यांची मागणी आली. २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. त्या दुपारी एका आजींचा फोन आला. नैवेद्यासाठी कापलेल्या तीन आंब्यांपैकी दोहोंत कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस निघाला होता. आजी रागावल्या नव्हत्या. ‘बाळा, तू हमी लिहिली होतीस, म्हणून मी दुसरे फळ आणून ठेवले नव्हते,’ एवढेच त्या म्हणाल्या.

बाबांना सांगितले, तेव्हा त्यांनी तो मजकूर मला फोनवर मोठ्याने वाचायला लावला. मग म्हणाले, ‘आपली बाग देवगडात आहे का? मोहोरावर तुडतुडा आला तेव्हा फवारणी केली, ती तू पाहिली नाहीस का? आणि साका मलासुद्धा फळ कापल्याशिवाय कळत नाही, इतकी वर्षे आंबा हाताळूनही. मग हमी तू कुणाच्या जिवावर दिलीस?’

त्याच रात्री मी चाळीसही घरांना नवा मजकूर पाठवला. बाग रत्नागिरीची आहे, फवारणी कशासाठी झाली आणि शेवटची कधी झाली, साका म्हणजे काय, तो निघाल्यास पैसे किंवा दुसरे फळ मिळेल, असे सगळे त्यात होते. तिघांनी मागणी रद्द केली. बाकीच्यांनी पेट्या घेतल्या, आणि त्यांतली बहुतेक घरे आजही आमच्याकडूनच आंबा घेतात. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाचही जिल्हे आहेत. स्वतःचे नाव असताना मी दुसऱ्या गावाचे नाव लावले, याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्यापैकी अनेक जण घरून काही ना काही विकतात. जाहिरात लिहिताना ‘हे सांगावे की झाकावे’ असा प्रसंग आला असेल, तर कृपया येथे लिहावे.

लाकडीघाणा
साधारण अडीच किलो शेंगदाण्यांतून एक लिटर तेल निघते. आमच्या धंद्यातला सगळा वाद या एका आकड्यावर येऊन थांबतो. बाजारात दाण्याचा भाव काय आहे ते कुणीही विचारू शकते, त्याला अडीचने गुणू शकते, आणि मग त्याहून स्वस्त ‘शुद्ध लाकडी घाण्याचे तेल’ कसे मिळते हा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो. पूर्वी मी ‘आमचे तेल महाग का’ यावर लांबलचक लिहीत असे आणि कुणी ते वाचत नसे. एकदा मुलाने सांगितले म्हणून एका पूर्ण घाणीचे चित्रीकरण केले. काट्यावर दाणे तोलले, घाणा चालू असताना कुठेही न थांबवता शेवटपर्यंत दाखवला, मग तेल तोलले आणि पेंडही तोलली. तेल निवळायला ठेवलेले भांडे दाखवले, तळाशी बसलेला गाळही दाखवला. त्यानंतर भावाबद्दल हुज्जत घालणारे निरोप फार कमी झाले.

एक कबुली द्यायची आहे. आमच्या बाटलीवर आणि पानावर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ असे ठळक छापलेले होते. ते खोटे नव्हते, पण कोणत्याच वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसते. म्हणजे जे सगळ्यांकडे आहे, ते फक्त आमच्याकडे असल्याचा भास मी निर्माण करत होतो. एका निवृत्त शिक्षिका ग्राहक आहेत, त्यांनी हे दाखवून दिले. पुढच्या छपाईला ती ओळ काढली.

पदर
रंगामुळे परत आलेली पहिली साडी मला अजून आठवते. मोरपंखी म्हणून घेतली होती, आणि ग्राहक ताईंनी घरी उघडली तेव्हा ती गडद हिरवी दिसली. दोष माझा होता, कारण फोटोचा उजेड आणि झळाळी मी वाढवली होती. तेव्हापासून प्रत्येक साडीचे दोन फोटो टाकते, एक खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात आणि एक रात्री घरातल्या दिव्याखाली, आणि दोन्हींवर काहीही प्रक्रिया करत नाही.

पैठणीबाबत मात्र मन घट्ट करावे लागले. माझ्याकडे हातमागाची आणि यंत्रमागाची अशा दोन्ही असतात. यंत्रमागाची विकण्यात काही गैर नाही, ज्यांना सहा-सात हजारांत हौस भागवायची आहे त्यांच्यासाठी ती चांगलीच आहे. पण ‘येवला पैठणी’ एवढेच लिहून गप्प बसणे आणि ग्राहकाने हातमाग समजावे याची वाट पाहणे, हे मी पहिले वर्षभर केले. आता पदराची उलटी बाजूही दाखवते. हातमागाच्या पैठणीत उलट्या बाजूलाही मोर आणि नारळी काठ तितकेच स्वच्छ दिसतात. यंत्रमागावर मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. फोटोखाली स्पष्ट लिहिते, ‘यंत्रमाग, अर्धरेशीम’, आणि किंमतही तिथेच लिहिते. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हे मी सोडून दिले, कारण माणूस पाहून भाव सांगण्याचा मोह मलाही झाला होता.

वाचनमात्र
पदर ताई, किंमत लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. ग्राहक म्हणून सांगते, किंमत विचारायला निरोप पाठवावा लागला की मी तिथेच थांबते. एकदा निरोप पाठवला की पुढे महिनाभर जाहिराती येत राहतात.

गुऱ्हाळ
आमराई ताईंचे ‘शंभर टक्के सेंद्रिय’ वाचून आमचे दुखणे आठवले. कोल्हापूर भागात आमचे गुऱ्हाळ आहे. लोकांना पिवळाधमक गूळ हवा असतो आणि तो तसा दिसावा म्हणून काही ठिकाणी हैड्रॉस पावडर घालतात. आम्ही ती बंद केली. गूळ तांबूस-काळपट झाला, आणि व्यापाऱ्याने भाव पाडला, म्हणून आम्ही ऑनलाइन विक्रीकडे वळलो. तिथे पुतण्याने ‘केमिकलविरहित’ असे लिहिले. मी त्याला विचारले की रस काहिलीत असताना आपण चुना घालतो, त्याचे काय? तो म्हणाला की सगळेच असे लिहितात. दोन दिवस घरात वाद झाला. शेवटी आम्ही लिहिले: ‘मळी काढण्यासाठी भेंडीचा रस आणि थोडा चुना वापरला आहे. हैड्रॉस वापरलेला नाही. रंग काळपट असेल आणि पावसाळ्यात गूळ लवकर मऊ पडेल.’ ‘सेंद्रिय’ हा शब्द आम्ही कुठेच वापरत नाही, कारण आमच्या उसाचे प्रमाणीकरण झालेले नाही. हा मजकूर वाचून सर्वांत जास्त प्रश्न चुन्याबद्दल आले. जे प्रश्न विचारतात, ते बहुधा गूळ घेतातही, असा आमचा अनुभव आहे.

लाकडीघाणा
काका, मऊ पडतो हे आधी लिहिलेत ते फार चांगले केलेत. आमच्याकडे थंडीत तेल घट्ट झाले की ‘भेसळ आहे का’ असे फोन येतात. तुमच्यासारखे आधीच लिहून ठेवायला हवे.

पानसांभाळणारी
मी दुकाने, खानावळी आणि लहान दवाखाने यांची समाजमाध्यमांवरील पाने सांभाळण्याचे काम करते, त्यामुळे माझा अनुभव पलीकडच्या बाजूचा आहे. एका दुकानदाराने पहिल्याच भेटीत माझ्याकडून पन्नास पंचतारांकित अभिप्राय मागितले होते. नातेवाइकांची खाती वापरा, नाहीतर अभिप्राय देणाऱ्याला सवलत द्या, असे त्यांचे म्हणणे होते. गूगलच्या नियमांत या दोन्ही गोष्टी बसत नाहीत, आणि अभिप्राय कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये आय. एस. १९००० हे मानक काढले आहे. मी ते सगळे त्यांना समजावले. त्यांना नियमांचे फारसे वाटले नाही. पण ‘खोटे अभिप्राय वाचून आलेला माणूस तुमच्या दुकानात पहिल्या पाच मिनिटांत काय पाहील?’ असे विचारल्यावर ते विचारात पडले.

मग गल्ल्याजवळ क्यूआर कोडची पाटी लावली आणि येणाऱ्या प्रत्येकाला, खूश असो वा नाराज, अभिप्राय लिहायची विनंती केली. तिसराच अभिप्राय तीन ताऱ्यांचा आला: माल चांगला आहे, पण दुपारी कुणी नीट बोलत नाही. मालकांना तो काढून टाकायचा होता. मी त्यांना स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले की दुपारी एक ते तीन ते एकटेच असतात आणि जेवणही तिथेच उरकतात, त्यामुळे चूक झाली असेल, क्षमा असावी. ते उत्तर वाचून आलेले दोन ग्राहक त्यांनी मला नंतर दाखवले.

‘फक्त २ शिल्लक’ आणि ‘आज रात्री १२ वाजता सवलत संपणार’ याबद्दलही सांगायला हवे. कोठारात ढीग असताना असे लिहिणे ही खोटी घाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाची दिशाभूल करणारे १३ प्रकार नमूद केले, त्यांत हाही आहे. असे उलटे मोजणारे घड्याळ लावायला मी नकार देते, आणि त्यामुळे दोन कामे गेलीही आहेत.

किनारा
मालवणजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पहिल्या वर्षी मुख्य फोटो समुद्राचा होता, आणि तो अर्थातच किनाऱ्यावरून काढलेला होता. एक कुटुंब रात्री उशिरा आले. सकाळी त्यांची लहान मुलगी गॅलरीत उभी राहून आईला विचारत होती, ‘समुद्र कुठे आहे?’ त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आता पहिला फोटो गॅलरीतून जे दिसते त्याचा आहे, म्हणजे माडांचा आणि शेजारच्या कौलांचा. खाली लिहिले आहे की किनारा चालत बारा मिनिटांवर आहे, खोलीतून समुद्र दिसत नाही, रात्री गाज ऐकू येते, आणि पावसाळ्यात स्कुबा व नौकाविहार बंद असतात. ‘गाज’ वाचून येणारे पाहुणे वेगळेच असतात, ते दोन दिवसांसाठी येतात आणि चार दिवस राहतात.

दूरदेशी
लंडनजवळ राहते आणि दिवाळीत फराळ करून विकते. येथे चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला खरेदीआधीच द्यावी लागते. आपल्या साध्या चिवड्यातले शेंगदाणे, काजू आणि फोडणीतली मोहरीसुद्धा त्या यादीत आहे. तीळ आहेत, दूध आहे, गहू आहे. पोह्यांच्या चिवड्यावर मी उत्साहाने ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिले होते, कारण पोहे तांदळाचे असतात. पाकिटे भरून झाल्यावर रात्री सहज हिंगाची डबी हातात घेतली. बारीक अक्षरांत लिहिले होते: गव्हाचे पीठ. खड्याच्या हिंगात पीठ मिसळून ती पूड बनते, हे मला लहानपणापासून माहीत असायला हवे होते, पण कधी मनात आले नव्हते. मागणी नोंदवलेल्या अकरा घरांना त्याच रात्री फोन केले. त्यांतल्या एका घरी गव्हाचा गंभीर त्रास असलेला मुलगा होता. त्याची आई काही क्षण बोललीच नाही, मग म्हणाली की फोन केलात म्हणून पुढच्या वर्षीही तुमच्याकडूनच घेईन.

पदर
ताई, अंगावर काटा आला. मग आता फोडणीत कोणता हिंग घालता?

दूरदेशी
तांदळाच्या पिठातला मिळतो, तोच वापरते. डबी दर वेळी वाचते, कारण कंपनी घटक कधी बदलेल ते सांगता येत नाही. शिवाय आमच्या स्वयंपाकघरात चकल्या आणि शंकरपाळे होतातच, म्हणून ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द मी पूर्णपणे काढला आहे.

वाळवण
माझा अनुभव तुमच्यासारखा सुखाचा नाही, तरी लिहिते. आई उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि सांडगे करते. ‘उन्हात वाळवलेले’ असे लिहिले की पावसाळ्यात नवा माल मिळणार नाही हे ओघानेच आले, आणि आम्ही तसे स्पष्ट लिहितो. मागच्या वर्षी जुलैत साठा संपला. आमच्या नेहमीच्या ग्राहकांपैकी बऱ्याच जणांनी दुसरीकडून घेतले. तिथेही ‘उन्हात वाळवलेले’ असेच लिहिलेले होते, आणि बाहेर आठ दिवस सूर्य दिसलेला नव्हता. आईने काही म्हटले नाही, फक्त रिकामे डबे घासून माळ्यावर ठेवले. ते पाहून मला फार त्रास झाला. खरे लिहून आपण मागे पडलो, असे तेव्हा वाटले आणि अजूनही कधी कधी वाटते.

आमराई
वाळवण ताई, तुम्ही हे लिहिलेत हे फार बरे झाले. मला त्या तीन रद्द झालेल्या पेट्यांचेच किती वाईट वाटले होते, आणि तुमचा तर अर्धा हंगाम गेला. आम्ही आता जानेवारीत, मोहोर धरला की नोंदणी सुरू करतो. तुम्हाला फेब्रुवारीत तसे करता येईल का? वर्षभराची मागणी आधीच कळली, तर आई उन्हात तेवढेच जास्त करू शकतील.

गुऱ्हाळ
शिवाय ज्यांनी दुसरीकडून घेतले, त्यांना या फेब्रुवारीत आपणहून एक निरोप पाठवा. रागाचा अजिबात नको, फक्त ‘पापड लाटायला घेतले आहेत’ इतकाच.

वाळवण
आईला आत्ता हा सगळा धागा वाचून दाखवला. नोंदणीची कल्पना तिला पटली आहे. ती म्हणते आहे की भावाने आणलेले वाळवणाचे विजेचे यंत्र पडूनच आहे, त्यात पावसाळ्यात थोडे करून वेगळ्या पाकिटात, थोड्या कमी भावाने विकले तर चालेल का? त्या पाकिटावर काय लिहावे, हे तिला विचारायचे आहे.

लाकडीघाणा
‘यंत्रात वाळवलेले’ असे लिहावे, आणि ‘उन्हात वाळवलेले’ या अक्षरांच्या आकारातच छापावे. पहिल्या खेपेतली दोन पाकिटे आमच्यासाठी ठेवा, आणि उन्हातली चार.