मदत हवी आहे: अण्णांना मिले मिलिया दाखवायची आहे, कुठे थांबावं?

नमस्कार मंडळी,

मी मिलानला असतो. येत्या जूनमध्ये माझे वडील सांगलीहून पहिल्यांदाच इकडे येतायत. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. अण्णांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, त्यातली निम्मी तरी डुक्कर फियाट आणि पद्मिनीच्या खाली पडून गेली. त्यांना मिले मिलिया दाखवायची फार इच्छा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इटलीतली मोटारींची शर्यत, ब्रेशिया ते रोम आणि परत, सुमारे हजार मैल. १९२७ ते १९५७ ही खरीखुरी शर्यत होती. १९५५ साली स्टर्लिंग मॉस या ब्रिटिश रेसरने ७२२ नंबरच्या मर्सिडीजमधून ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत मारली. ७२२ म्हणजे गाडी सुटायची वेळ, सकाळचे ७:२२. १९५७ ला ग्विदित्सोलो गावाजवळ एक फेरारी रस्ता सोडून लोकांत घुसली, नऊ प्रेक्षक गेले, त्यात पाच लहान मुलं. त्यानंतर ही शर्यत कायमची बंद झाली. आता जुन्या गाड्यांची रॅली असते. वेगाला गुण नाहीत, अचूक वेळेला आहेत. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळीवरून चाक गेलं की सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ नोंदली जाते. आणि गाडी मूळ शर्यतीत पळालेल्या मॉडेलचीच लागते.

फियाट ११००/१०३ त्यात पळालेली आहे. म्हणजे कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेली आपली डुक्कर फियाटच! १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर, उलटी उघडणारी पुढची दारं. हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा जरा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, "टॅपेटचा आवाज ऐकू येईल का रे?" टॅपेट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह हलवणारा भाग. तो सेट करताना फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, त्यांच्या हातात असायचंच, पण शेवटचा निकाल कानाचा. डोकं कलतं करून, डोळे मिटून ऐकायचे. लहानपणी मी ते तासन्‌तास बघत बसायचो.

गेल्या वर्षी मी एकटाच गेलो आणि जागा चुकली. एका गावाबाहेरच्या चौकात उभा राहिलो. रस्ते वाहतुकीला बंद नसतात, त्यामुळे गाड्या ट्रक-बसमधून वाट काढत येत होत्या. दोन तास उन्हात थांबल्यावर फियाट आली, तर शेजारी ट्रक घरघरत उभा. इंजिनचा आवाज काही कानी पडला नाही. एवढ्यासाठी अण्णांना इतक्या लांब आणायचं नाही.

ब्रेशियात व्हियाले व्हेनेत्सियावर गाड्या सुटतात, तिथे वयस्कर माणसाला बसायला मिळतं का? की फ्लोरेन्स-बोलोन्याच्या मधला फुता घाट बरा? चढावर आवाज खणखणीत येईल, पण सावली आणि संडासाची सोय कशी आहे?

प्रतिसाद:
मी दोनदा बघितली आहे. घाटाचा हट्ट धरू नका, मार्ग दरवर्षी बदलतो. फुता असेलच असं नाही. सुटायच्या जागीही रेटारेटी फार. त्यापेक्षा आधी पियात्सा देल्ला व्हित्तोरियात जा. तिथे सहभागी गाड्यांना सील लावतात. गाड्या हळूहळू पुढे सरकत असतात, बऱ्याचदा बॉनेट उघडं, मालक शेजारीच. घडीची खुर्ची न्या. मिलानहून ट्रेनने तासाभराचा प्रवास, सकाळी लवकर निघा. सहभागी गाड्यांची यादी आधी जाहीर होते, त्यात फियाटचा नंबर हेरून ठेवा. आणि मालकाला इटालियनमध्ये तुम्हीच सांगा की वडील याच गाडीचे मेकॅनिक. मला तरी कुणी झिडकारलं नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. पियात्साच ठरवतो, दुसऱ्या दिवशीचं त्यांच्या गुडघ्यांवर. आत्ताच अण्णांना फोन केला. विचारतायत, फिलर गेज विमानात हातातल्या पिशवीत चालेल का?

प्रतिसाद:
चेक-इनच्या बॅगेत टाकायला सांगा.