चेहऱ्यावरचे वांग: ट्यूब बंद केली की आणखी गडद होतात, लेझर करू का?

मोगरा_सोलापूर

नमस्कार, खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. वय ३८, शाळेत शिकवते, रोज स्कूटीवर जाणं येणं. धाकटीच्या वेळेला सातव्या महिन्यात दोन्ही गालांवर तपकिरी डाग यायला लागले, सगळ्या म्हणाल्या बाळंतपणानंतर आपोआप जातात, ती आता दुसरीत आहे आणि डाग गेले तर नाहीतच, वर कपाळावर आणि वरच्या ओठावर पण आलेत. वर्गातल्या एका पोराने विचारलं, बाई तुम्हाला भाजलंय का. त्याचं काही चुकलं नाही पण घरी येऊन मी रडले.

मागच्या वर्षी पार्लरमध्ये एक ट्यूब सांगितली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळाली. खरं सांगते, तीन आठवड्यांत चेहरा लख्ख झाला, हळदीकुंकवाला जो तो विचारत होता काय लावतेस म्हणून. आठ महिने लावली. मग दिवाळीत माहेरी गेले आणि ट्यूब इकडेच राहिली, चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद, नुसती भगभग, गॅससमोर उभं राहवेना आणि वांग आधीपेक्षा गडद. परत लावली की शांत. आता हनुवटीला लव वाढलीय, गालावर बारीक लाल शिरा दिसतात. ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन, मोमेटासोन असं लिहिलंय.

इथल्या एका क्लिनिकमध्ये जाऊन आले तर पाच मिनिटांत लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं, आजच अर्धे भरले तर सूट. भावाचं लग्न दोन महिन्यांवर आहे. सासूबाई म्हणतात जायफळ दुधात उगाळून लाव. काय करू?

रानजाई

आधी एक, पैसे भरू नकोस. मी भरलेत म्हणून सांगतेय.

मला नऊ वर्षं वांग आहेत. चार सिटिंग केले होते, पहिल्या दोननंतर चेहरा खरंच उजळला, मग मे महिना आला आणि सगळं परत, वर गालावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके उठले ते आजही आहेत. सगळ्यांचं असंच होतं असं नाही म्हणत, पण त्या वेळी मला एकानेही विचारलं नव्हतं की बाई तू उन्हात किती असतेस, सनस्क्रीन लावतेस का, गोळ्या कसल्या घेतेस.

आता काय करते ते सांगते. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढून, तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. पूर्वी मी वाटाण्याएवढं लावायचे आणि म्हणायचे फरक पडत नाही. आणि साधं पांढरं नाही, टिंट असलेलं घेते, आयर्न ऑक्साइड असतं त्यात, आपल्या सावळ्या कातडीत डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा वांग वाढवतो आणि तो साध्या सनस्क्रीनने अडत नाही. हे मला सातव्या वर्षी कळलं!! तुझ्या वर्गात खिडकी कुठल्या बाजूला आहे ते पण बघ, माझा डावा गाल कायम जास्त काळा, आणि ऑफिसात माझी खुर्ची खिडकीला डावी घालून. काचेतून उन्हातले यूव्हीए किरण येतात.

त्वचेची_डॉक्टर

मी एमडी स्किन आहे. चेहरा न बघता उपचार सांगता येत नाहीत, पण ट्यूबबद्दल बोलायलाच हवं कारण आठवड्यातून दोनतीन तरी पेशंट हीच गोष्ट घेऊन येतात.

तुमच्या ट्यूबमधलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. हे तीन औषधांचं मिश्रण मुळात चांगलं आहे. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या त्वचातज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टिरॉइड एकत्र करून दाखवलं, आजही वांगासाठी आम्ही त्याचीच सुधारलेली रूपं देतो. पण ती साधारण आठ ते बारा आठवडे, मध्ये तपासून, आणि मग हळूहळू उतरवून दुसऱ्या औषधावर न्यायचं असतं. गोरं करायची क्रीम म्हणून महिनोन्महिने लावलं की स्टिरॉइडने कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव येते, आणि थांबवलं की भडका उडतो. तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच वाटतंय. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं चालू राहिलं तर निळसर काळे डाग पडतात, ते मूळ वांगापेक्षाही हट्टी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायलाच नकोत, तरी मिळतात.

आता ट्यूब स्वतःच्या मनाने फेकून देऊ नका आणि पुढे ओढू पण नका, याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. अशा नाजूक झालेल्या चेहऱ्यावर सध्या लेझर, केमिकल पील, ब्लीच काहीही नको. आधी महिना दोन महिने कातडी शांत करायची, वांग त्यानंतर. डॉक्टरांना वुड्स लॅम्पखाली (अंधारात लावायचा अतिनील दिवा) बघायला सांगा, रंग वरच्या थरात आहे की खोल याचा अंदाज येतो. खोल असेल तर वेळ लागणार. आणि ते वांगच आहेत ना हेही बघायला हवं, केसांच्या डायने किंवा टिकलीच्या गोंदाने सुद्धा चेहरा काळवंडतो आणि तिथे उपचार वेगळे.

नंतर ॲझेलिक ॲसिड असतं, ते सावकाश काम करतं पण गरोदरपणातही चालतं. ट्रेटिनोइन आणि हायड्रोक्विनोन गरोदरपणात नको. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या उपयोगी पडतात, पण तुम्हाला किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर त्या देत नाही. लग्नकार्य आहे म्हणून विचारते, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणार असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, गर्भनिरोधक गोळ्यांचंही सांगा. बायका ही गोष्ट सांगतच नाहीत कारण त्याला औषध समजतच नाहीत.

टेकडीवरचा

पुरुषांना पण होतात, मला आहेत. बांधकामाच्या साइटवर काम, नागपूर. चार वर्षं लोक म्हणायचे लिव्हर खराब असेल, दारू सोड, मी आयुष्यात घेतली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले ऊन आणि घराण्यातून आलेलं, आईला होतेच. रुंद काठाची टोपी आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत परत सनस्क्रीन, एवढ्यानेच निम्मा फरक पडला, औषध नंतर. स्कूटीवर हेल्मेटची काच गडद नसेल तर आतून सुती स्कार्फ बांधा, पण सनस्क्रीन लावून मगच, नुसत्या स्कार्फच्या भरवशावर राहू नका.

माई_कोथरूड

बाळ, सासूबाईंचं मन मोडू नको पण जायफळ आत्ता नको. आमच्या वेळी सगळ्या लावायच्या, मी पण लावलंय, सहाणेवर कितीही उगाळलं तरी बारीक कच राहते आणि आपण ती चोळतो, ओरबाडलेल्या जागी वांग आणखी धरतात. लिंबू तर अजिबात नको, लिंबू लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे चट्टे येतात, माझ्या बहिणीच्या हातावर आले होते.

आणि कुणी बिनलेबलची डबी दिली तर घेऊ नको. अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना त्रास झाला आणि क्रीममध्ये पारा निघाला, २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं, मी ते कात्रण काढून सुनेला दाखवलं.

मोगरा_सोलापूर

सगळ्यांचे खूप आभार, वाचताना दोनदा डोळे भरून आले. आज शाळेतून अर्धी सुट्टी घेऊन सिव्हिलला स्किनच्या ओपीडीत जाऊन आले. दोन तास रांग होती पण मॅडमनी निवांत बघितलं, ट्यूब हातात घेऊन विचारलं रोज किती लावत होता. आता ती एक दिवसाआड, मग आठवड्यात दोनदा, मग बंद असं लिहून दिलंय, सोबत साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. फेशियल, ब्लीच, ओठावर वॅक्स सगळं बंद. वांगाचं दीड महिन्याने बघू म्हणाल्या. वर्गात टेबल पण हलवलं, खिडकीपासून आत.

क्लिनिकला नको म्हणून फोन केला. फक्त लग्नाचं काय करायचं ते सुचत नाही, मेकअप चालेल का?

त्वचेची_डॉक्टर

तुमच्या मॅडमनी सांगितलंय तसंच करा. मेकअप चालेल, सनस्क्रीन लावून दहापंधरा मिनिटांनी. डागांवर पीच किंवा केशरी छटेचा करेक्टर बोटाने थोपटून, लालीवर हिरवट, आणि वर फाउंडेशन. घासायचं नाही, काढतानाही नाही. नवीन वस्तू लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका, आठ दिवस आधी कानामागे लावून बघा. मुहूर्त दुपारचा असेल आणि मांडव उघडा असेल तर पर्समध्ये सनस्क्रीनची स्टिक ठेवा.

रानजाई

लग्न कुठल्या महिन्यात आहे ग? माझ्या करेक्टरची छटा तुला जुळेल बहुतेक, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.