मागवाले राहिलेच की!

"कॅम्पातलं लष्कर, गणपत गल्लीतली दुकानं आणि कुंद्याची मिठाई, यावरच बेळगाव चालतं" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने, नि वडगाव, शहापूर, खासबागचे पॉवरलूम, म्हणजे विजेवरचे माग, धरल्याशिवाय हिशेब लागतच नाही. वडगावात कितीतरी घरांत पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. त्या खडखडाटात बोलायचं तर कानाशी ओरडूनच, मग कन्नड असो की मराठी. करंट गेला की सगळे गल्लीत, चहाला. घरातल्या बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरतात, ती मजुरी मात्र कुणी धरत नाही.

आणि गोव्याची भाजी? कडोलीकडचा कोबी पहाटे बेळगावच्या बाजारात, तिथून टेम्पोनं गोव्याला. पावसात गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट अडला की इकडं माल पडून, तिकडं दर चढलेले.