झिंक प्लेटिंग केलेल्या १२.९ बोल्टांची डोकी दुसऱ्या दिवशी का तुटतात?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात १२.९ ग्रेडचे (अतिशय उच्च ताकदीच्या पोलादाचे) बोल्ट आवळताना व्यवस्थित बसतात, मात्र दुसऱ्या दिवशी काहींची डोकी तुटलेली आढळतात. कडकपणा मर्यादेत आहे. कारण काय असावे?

उत्तर १ : उशिराने तुटणे हे हायड्रोजनमुळे येणाऱ्या ठिसूळपणाचे ठळक लक्षण आहे. ॲसिडने सफाई करताना आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढण्यासाठी प्लेटिंगनंतर शक्यतो ४ तासांच्या आत बोल्ट भट्टीत घालून सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवतात. त्या भट्टीचा तापमान-आलेख पुरवठादाराकडे अवश्य मागावा.

उत्तर २ : साध्या ताणचाचणीत हा दोष सहसा सापडत नाही, कारण ती काही मिनिटांतच संपते. नमुन्याचे बोल्ट आवळून किमान ४८ तास ताणाखाली ठेवावेत. माझ्या मते या ग्रेडला झिंक प्लेटिंग करूच नये. झिंक फ्लेक लेप (विजेच्या टाकीशिवाय दिला जाणारा, झिंकच्या बारीक पापुद्र्यांचा लेप) अधिक सुरक्षित ठरतो.