मालिकेतल्या चुका दिसल्यावर गप्प कसं बसायचं?

मंडळी, मदत हवी आहे. मालिका बघताना माझं तोंड बंद राहत नाही आणि घरचे आता वैतागलेत.

कालचंच घ्या. पेशंटच्या मॉनिटरवर सरळ रेघ आली, डॉक्टरांनी धाडकन शॉक दिला आणि पेशंटने डोळे उघडून थेट बायकोला हाक मारली! अहो, सरळ रेघेला शॉक देतच नाहीत. तो देतात हृदय नुसतं वेडंवाकडं थरथरत असताना. रेघ सरळ झाली की छाती दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि ॲड्रेनलिन द्यायचं. इथे डॉक्टरसाहेब कोपरं वाकवून उशी सारखी केल्यासारखं दाबत होते. (जिवंत नटाची छाती पाच सेंटिमीटर दाबता येत नाही, कबूल. मग कॅमेरा चेहऱ्यावर ठेवा की!)

झोपेतून उठलेल्या नायिकेचं जागच्या जागी असलेलं काजळ मी सोडून देते. रिकाम्या कपातून घोट घेणंही. पण जीव वाचवायची पद्धत लोक इथूनच शिकतात, तिथे गप्प बसवत नाही. काल मी बोलले तर आईने रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

सेटवर काम केलेलं कुणी आहे का इथे? अशा प्रसंगांना डॉक्टरांचा सल्ला घेतात का, आणि घेतला तर ऐकतात का? आणि माझ्यासारखे कुणी असाल, तर घरच्यांची मजा न घालवता तुम्ही कसं बघता? दुसऱ्या खोलीत जा, हे सोडून काहीही सुचवा. ते आईने आधीच सुचवलंय.