प्रागमध्ये राहायला आलोय. पाहुण्यासारखं फिरून झालं, आता पुढे काय?

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून आम्ही प्रागमध्ये आहोत. नवऱ्याची नोकरी इथे आहे, म्हणजे निदान तीन वर्षं तरी मुक्काम. लेक सहा वर्षांची. चार्ल्स ब्रिज, जुन्या चौकातलं घड्याळ, किल्ला हे सगळं पहिल्या दोन शनिवार-रविवारीच उरकलं आणि गर्दीत मनात काही उतरलंच नाही. तासाचा ठोका पडायच्या आधी घड्याळाखाली शेकडो मोबाईल वर झाले. लेकीला माणसांच्या पाठींशिवाय काही दिसेना, ती माझा कोट ओढत विचारत होती, "आई, घरी कधी जायचं?"

आता हे शहर आपलंसं करायचं आहे. सुरुवात कुठून करू? लेकीला घेऊन एका दिवसात जाऊन येता येईल अशा जागा हव्यात. गाडी नाही. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. पुण्यात पावसाळाभर सिंहगड, राजगड चालू असायचं, त्याची फार आठवण येते.

व्लतावाकाठी
स्वागत! मी नऊ वर्षं इथे आहे. पहिली दोन वर्षं मीही याद्या करून जागा "संपवत" होतो, त्यातलं आज काही आठवत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की नव्या जागा शोधण्याआधी पाहिलेल्याच जागा वेगळ्या वेळी बघा. इथे राहणाऱ्याला हेच तर मिळतं, पर्यटकाला मिळत नाही.

किल्ल्याची आवारं सकाळी सहाला उघडतात आणि नुसतं आवारात फिरायला तिकीट लागत नाही. नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी सातला जा. संत विटस कॅथीड्रलसमोर झाडलोट करणारी माणसं आणि तुम्ही, एवढेच असाल. या कॅथीड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ साली पुरं झालं. पश्चिमेची दर्शनी बाजू आणि जुना पूर्वेकडचा भाग शेजारी शेजारी बघितलात की दगडाच्या रंगातही फरक दिसतो.

तिथून नेरुदोवा रस्त्याने खाली उतरा आणि लेकीला घरांच्या पाट्या वाचायला लावा. प्रत्येक दारावर दोन पाट्या असतात, एक लाल आणि एक निळी. निळा आकडा रस्त्यावरच्या क्रमाने लागतो. लाल आकडा त्या वस्तीतल्या घराच्या नोंदणीचा असतो, त्यामुळे शेजारशेजारच्या घरांचे लाल आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. राणी मारिया थेरेसाच्या काळात, १७७० साली, माणसांची मोजदाद आणि सैन्यभरती यासाठी हे नोंदणीचे आकडे घातले गेले. "अमुक आकडा, शनिवार पेठ" अशा पत्त्यावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही! आकड्यांच्या आधी घरं चिन्हांवरून ओळखत. दोन सूर्य, तीन व्हायोलिनं अशी चिन्हं अजून दारांवर आहेत. माझ्या मुलाने एका सकाळी अकरा शोधली होती.

ट्रामचा वार्षिक पास काढा. मी काढला तेव्हा ३६५० कोरुना होता, म्हणजे दिवसाला दहा. लेकीला या वयात तिकीट नाही. याच पासवर नदी ओलांडायच्या छोट्या होड्याही चालतात. पोदबाबाहून होडीने पलीकडे गेलात की प्राणिसंग्रहालय चालत गाठता येतं. मुलांना होडीचंच अप्रूप जास्त.

डोंगरवेडा
राजगड म्हणालात म्हणून लिहितो. या देशात ट्रेकच्या वाटा झाडांवर रंगवलेल्या असतात. दोन पांढऱ्या पट्ट्या आणि मध्ये लाल, निळी, हिरवी किंवा पिवळी. तिथल्या हायकिंग क्लबने १८८९ पासून हे काम चालवलंय, करणारे बहुतेक स्वयंसेवक. सह्याद्रीत दगडावरचा पुसट बाण शोधत तासभर भरकटलेल्या मला पहिल्या दिवशी भरून आलं होतं.

लेकीबरोबर आधी दिवोका शार्का करा. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरलं की दहा मिनिटांत ओढा आणि दोन्ही अंगांना कडे. शहरात आहोत हे विसरायला होतं.

मग कार्लश्टाइन. मुख्य स्थानकावरून लोकलने साधारण चाळीस मिनिटं. राजा चौथ्या चार्ल्सने १३४८ साली बांधायला घेतलेला किल्ला, पवित्र रोमन साम्राज्याची राजचिन्हं ठेवायला. आत जायचं तर वेळापत्रक आधी बघा, हिवाळ्यात बरेच दिवस बंद असतो. लेक मोठी झाली की बेरोऊनहून लाल खुणेने स्वाती यान पोद स्कालोऊ गावावरून कार्लश्टाइनला चालत या. साधारण पंधरा किलोमीटर. मध्ये ते गाव लागतं, डोक्यावर चुनखडीचा उभा कडा आणि कड्यावर क्रूस. तिथे बसून मी घरून नेलेले मेथीचे ठेपले खाल्ले होते.

खाण्याचं म्हणाल तर सूप मागवण्याआधी विचारा, बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. तळलेलं चीज आणि फळं भरलेले उकडलेले गोळे बहुतेक ठिकाणी मिळतात. गावातल्या खानावळीत रोख पैसे जवळ असू द्या.

दिवेघाट
कुत्ना होराला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. गावाचं मुख्य स्थानक जुन्या गावापासून लांब, सेद्लेत्सच्या बाजूला आहे. हाडांनी सजवलेलं चॅपल तिथून जवळ, पण संत बार्बराचं चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला. छोट्या मुलांना घेऊन दोन्ही चालत करू नका, स्थानकावरून गावात जाणारी छोटी आगगाडी घ्या. आम्ही भर उन्हात पायी गेलो आणि चर्चपर्यंत पोचलो तेव्हा धाकटा खांद्यावर झोपला होता.

आणि देइवित्से भागात "थाकुरोवा" नावाचा रस्ता आहे, तिकडे एकदा जाऊन या. रवींद्रनाथ ठाकूर १९२१ आणि १९२६ साली प्रागला येऊन गेले. रस्ता त्यांच्या नावाचा आहे, पुतळाही आहे. परक्या अक्षरांत ते नाव वाचलं तेव्हा मी तिथे बराच वेळ उभी होते.

मुठाकाठची
काल साडेसहाला किल्ल्यावर गेलो! उजाडलंही नव्हतं. नेरुदोवावर लेकीने दोन सूर्य शोधले आणि मग घरापर्यंत प्रत्येक दाराशी थांबून लाल आकडा मोठ्याने वाचला. पोचायला दीड तास लागला. घरी आल्यावर आमच्या इमारतीचा लाल आकडा कागदावर लिहून तिने खोलीच्या दाराला चिकटवलाय.

सासूबाई मार्चमध्ये येणार आहेत. गुडघे दुखतात, चढ-उतार नको. त्यांना कुठे नेऊ?

व्लतावाकाठी
विशेह्राद, नदीकाठचा जुना किल्ला. मेट्रोच्या त्याच नावाच्या स्थानकावरून जा, त्या बाजूने फारसा चढ नाही. तटबंदीवर सपाट वाट आहे आणि खाली नदी दिसते. आतल्या दफनभूमीत संगीतकार द्वोर्झाक आणि चित्रकार मुखा यांच्या समाध्या आहेत. बाकं भरपूर आहेत, पण मार्चमध्ये वारा बोचतो. सासूबाईंची शाल विसरू नका.