सोळाव्या वर्षी मुलीच्या हातात उन्हाळ्यातल्या प्रेमाची कादंबरी द्यावी का?

मांजराकाठ
गेल्या आठवड्यात भाचीला आणायला लातूरला तिच्या वसतिगृहात गेले. सामान आवरताना गादीखाली एक इंग्रजी कादंबरी निघाली. रेक्टर बाईंनी ती दोन बोटांत धरून माझ्याकडे दिली, म्हणाल्या, "घरी नीट समजावा हिला." भाची घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी दोन रात्रींत ती कादंबरी वाचून काढली.

गोष्ट अमेरिकेतल्या एका मुलीची. दर उन्हाळ्यात ती आईच्या मैत्रिणीच्या समुद्रकाठच्या घरी राहायला जाते. मैत्रिणीचे दोन मुलगे तिच्याबरोबरच वाढलेले. सोळाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांची नजर बदलते, तिचीही. एकावर तिचा जीव जडतो, दुसऱ्याचा तिच्यावर. आणि या सगळ्याखाली एक आजारपण आहे, जे मोठ्यांनी मुलांना कळू दिलेलं नाही.

मला प्रेमापेक्षा ते लपवणं जास्त लागलं. 2016 साली मी सोळाची होते. मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. घरात कर्जावरून रोज कुजबुज चालायची आणि आम्ही पोरं आलो की सगळे गप्प. टँकर मध्यरात्री यायचा. रांगेत पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा न सांगता माझा हंडा पुढं सरकवायचा. महिनाभर एवढंच. मी कुणाला बोलले नाही, कारण त्यासाठी माझ्याकडं शब्दच नव्हता. घरात जे शब्द ऐकले होते ते 'लफडं' आणि 'भानगड'. रांगेत जे होतं ते यातलं काहीच नव्हतं.

माझं म्हणणं असं, की अशी पुस्तकं मुलींना उघडपणे द्यावीत. आणि आपल्या उन्हाळ्याची, हंड्यांची, माळवदावरच्या रात्रींची कादंबरी मराठीत यावी.

खडकमाळ
ताई, मी बीड जिल्ह्यातला, दोन मुलींचा बाप. राग न येता वाचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) बीड आणि परभणीत 20 ते 24 वयाच्या दर 100 बायांपैकी 40 हून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. हे आमच्या गल्लीत घडतं. दप्तरात चिठ्ठी सापडली की पोरीची शाळा बंद आणि मे महिन्यात दारात मांडव. कादंबरीतल्या मुलीचं मन मोडलं तर ती रडेल, सुट्टी संपली की शाळेत जाईल. आमच्या मुलीला ती परतीची वाटच नाही. पुस्तक वाईट आहे असं मी म्हणतच नाही. त्याची किंमत माझी मुलगी भरेल, लेखिका नाही, एवढंच म्हणतो.

गोदाकाठची
दादा, आकडे खरे आहेत, पण कारण पुस्तकाकडं जात नाही. मी परभणी जिल्ह्यात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. माझ्या वर्गातून लग्न होऊन गेलेल्या मुलींपैकी एकीच्याही हातात मी कधी कादंबरी बघितली नाही. त्या गेल्या कारण दोन वर्षं पाऊस नव्हता. धाकट्या बहिणीचंही त्याच मांडवात उरकता येत होतं. आई-बाप ऊसतोडणीला गेल्यावर वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही प्रश्न होताच.

तुम्ही चिठ्ठीचं सांगितलंत. ती चिठ्ठी मुलगी लपवते, कारण तिला आवडणं म्हणजे गुन्हा असं आधीच कळलेलं असतं. लपवणाऱ्या मुलीला फसवणं सोपं असतं. कुणी फोटो काढून धमकावलं तरी ती घरी येऊन सांगत नाही. मला भीती त्या गप्प बसण्याची वाटते.

मराठीत या वयाच्या प्रेमाबद्दल काहीच नाही असंही नाही. मिलिंद बोकीलांची 'शाळा' 2004 साली आली आणि घराघरात वाचली गेली. पण ती नववीतल्या मुकुंदनं सांगितलेली गोष्ट आहे. त्याला आवडणाऱ्या शिरोडकरला काय वाटत होतं, हे माझ्या वर्गातल्या मुली दर वर्षी विचारतात. तिच्या बाजूनं लिहिलेलं त्यांच्यापुढं ठेवायला माझ्याकडं काही नाही.

बारावी विज्ञान
आम्हाला उन्हाळाच नाही. दहावीचा शेवटचा पेपर झाला, आठ दिवसांत लातूरला बॅच सुरू. बारावीला मेच्या सुरुवातीला मेडिकलची 'नीट' परीक्षा. खोलीत चार जणी, पत्र्याचं छत, कूलरची हवा दारापर्यंत पोचत नाही. मीही तसलीच एक कादंबरी फोनवर वाचली. त्यातल्या मुलांपेक्षा मला त्या मुलीच्या दुपारी जास्त आवडल्या. तिला दिवसभर कुणी विचारत नाही की किती प्रश्न सोडवले. रेक्टरना वाटतं आम्ही त्यात बॉयफ्रेंड शोधतो.

माळवद
माझा विरोध निराळा आहे. मुलींनी वाचू नये असं अजिबात नाही. पण हा साचा आपल्याकडं आणू नका. दोन भाऊ, मधे एक मुलगी, आणि यातला कोण हाच सगळा प्रश्न. त्या गोष्टीत सुट्टीसाठी दुसरं घर असतं, आणि कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. आपल्याकडं आडनाव विचारल्याशिवाय प्रेमाचं पहिलं पानही लिहिता येणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्यावरून 1978 ते 1994 या मराठवाड्यानं काय पाहिलं, ते घरात ज्यांनी सोसलं त्यांच्या नातींसाठी तुम्ही गोड कादंबरी लिहिणार असाल तर ती खोटी होईल.

मांजराकाठ ताई, तुम्ही हंडा सरकवणाऱ्या मुलाचं सगळं लिहिलंत. आडनाव ठाऊक होतं का, ते लिहिलं नाहीत.

मांजराकाठ
ठाऊक होतं. म्हणून तर महिनाभरच. जूनमध्ये पाऊस आला, रांग संपली, आणि मी त्या गल्लीनं जायचं बंद केलं. कुणी अडवलं नव्हतं, माझी मीच बंद केलं. तुम्ही विचारलंत ते बरं झालं. कादंबरी लिहायची तर तिथून लिहावी लागेल.

खडकमाळ
मुलीला उद्याच पुस्तक आणून देईन असं मी म्हणणार नाही. पण गोदाकाठच्या मॅडम, फोटोवरून धमकावण्याचं वाचून रात्री झोप लागली नाही. असं काही झालं तर माझी थोरली मला सांगेल का? सांगेल असं मला छातीठोक म्हणता आलं नाही.

कोयत्याची लेक
मी उशिरा लिहितेय. आमच्याकडं उन्हाळा म्हणजे घर भरण्याचे दिवस. दिवाळीच्या आसपास आई-बाप मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. आम्ही दोघी बहिणी आजीपाशी, एक वर्ष हंगामी वसतिगृहात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ते परत यायचे. घरातली सगळी माणसं एका ताटाला फक्त त्या दिवसांत बसायची.

आई आली की पहिले दोन दिवस मी तिच्याशी बोलत नसे. तिला वाटायचं, लेकरू रुसलंय. मी रुसलेली नसायचे. सहा महिन्यांनी तिचा आवाज मला थोडा परका लागायचा आणि ते तिला सांगायची लाज वाटायची. मग ती केसांना तेल लावायला बसवायची. तिच्या हाताचे घट्टे केसांत अडकायचे, दुखायचं, आणि मी तशीच बसून राहायचे.

दादा, माझी जिवाची मैत्रीण दहावीच्या सुट्टीत बोहल्यावर चढली. तिचं कुणावर प्रेम नव्हतं. तोडणीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; नवऱ्याला जोडी मिळाली की कोयता पुरा होतो, मुकादम पूर्ण उचल देतो, म्हणून ते लग्न. जायच्या आदल्या रात्री ती कंपासपेटी माझ्याकडं ठेवून गेली. अजून माझ्याकडंच आहे. आम्ही दोघींनी मिळून एकही गोष्टीचं पुस्तक वाचलेलं नव्हतं.

मांजराकाठ ताई, ते पुस्तक भाचीला परत दिलंत का?

मांजराकाठ
हो, काल. आधी ती ते कपाटात कपड्यांखाली सारायला लागली. मग थांबली, आणि वरच्या फळीवर तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाशेजारी उभं केलं. तिच्या आईनं अजून पाहिलेलं नाही.